तीनशे एक्केचाळीस खुणा

ओस्मो वाइनिक्का हा मनुष्य अक्षरांच्या बाबतीत कधी चुकत नाही, असे हापाविर्ता गावात सर्वजण म्हणत असत, आणि तो स्वतःही तसेच समजत असे. तीस वर्षे त्याने गावच्या छापखान्यात जुळारी, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारा, म्हणून काम केले होते. शिशाचा खिळा नुसत्या बोटांनी चाचपून तो अक्षर ओळखत असे. छापखाना बंद पडला तेव्हा चर्चच्या कचेरीने त्याला बोलावून घेतले, कारण गावातील माणसांचे जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी त्या कचेरीत राहतात, आणि नोंदीत नाव चुकणे म्हणजे त्या माणसाचा अपमान करणे होय, अशी आमच्याकडे समजूत आहे.

सन दोन हजार एकच्या हिवाळ्यात त्याच्याकडे एक मोठे काम आले. कचेरीतील जुना संगणक अखेरच्या घटका मोजत होता. सतरा वर्षांपूर्वी, म्हणजे तो नवा असताना, कचेरीतील लिपिक सायमी रौतापा यांनी दफनाच्या सर्व वह्या त्यात उतरवल्या होत्या. पंधरा हजारांहून अधिक मृतांची नावे त्यात होती. ती सर्व नावे आता नव्या संगणकातील डेटाबेसमध्ये न्यायची होती.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. जुन्या यंत्राला अवघी एकशे अठ्ठावीस चिन्हे ठाऊक होती. ती चिन्हे दूर देशीच्या मंडळींनी ठरवली होती, आणि त्यांनी आमच्या, डोक्यावर दोन टिंबे असलेल्या स्वरांसाठी जागाच ठेवली नव्हती. म्हणून आमच्या देशात कंसांच्या जागा स्वरांना दिल्या गेल्या. जुन्या पडद्यावर स्वर नीट दिसत असत. परंतु तीच नोंद दुसऱ्या यंत्रावर नेली की नावाच्या पोटात महिरपी कंस आणि उभ्या रेघा उमटत. ओस्मोच्या पिढीने अशी पत्रे आणि अशी बिले इतकी वाचली होती की डोळ्यांना कंस दिसला तरी तोंडातून स्वरच निघत असे. नवा डेटाबेस मात्र कंसाला कंसच समजणार होता. तेव्हा आधी प्रत्येक चिन्ह बदलायचे आणि मग नोंदी आत घालायच्या, असा क्रम ठरला.

ओस्मोने एका कागदावर तक्ता आखला. डाव्या बाजूला जुन्या चिन्हाचा क्रमांक आणि उजव्या बाजूला नवे अक्षर. सात आठवडे त्याने तो तक्ता तपासला. शनिवारी तो दफनभूमीत जाई, दगडांवरील बर्फ हातमोज्याने पुशी आणि कोरलेले नाव आपल्या यादीशी ताडून पाही. एकही टिंब हरवू द्यायचे नाही, असा त्याचा निश्चय होता.

केवळ एका चिन्हापाशी तो अडला. त्याचा क्रमांक छत्तीस होता. नव्या यंत्रावर ते डॉलरसारखे दिसे, आणि काही मृतांच्या आडनावांच्या मागे ते एकटेच उभे असे. कचेरीच्या व्यवस्थापक इन्केरी या त्याच्याहून वीस वर्षांनी लहान होत्या. त्यांनी पडद्याकडे पाहिले आणि त्यांना हसू आले.

"अमेरिकेहून परत आलेले इतके लोक आहेत होय आपल्याकडे? आणि पैसे बरोबर घेऊन गेले?"

ओस्मोने यंत्राची पुस्तिका उघडली. तिच्याप्रमाणे छत्तीस क्रमांकाचे मूळ चिन्ह म्हणजे एक लहान वर्तुळ आणि त्याच्या चार कोपऱ्यांना चार किरण, असे होते. ते आमच्याकडील प्रत्येक कळफलकावर चार या अंकाच्या वर आहे, आणि ते कोणी कधी वापरल्याचे ऐकिवात नाही. ओस्मोने विचार केला की नावानंतर वर्षाचा आकडा येतो. सायमीबाईंचे बोट मोठ्या अक्षराच्या कळीवर राहून गेले असेल आणि आकड्याऐवजी हे चिन्ह उमटले असेल. बाई त्या वेळी पासष्टीच्या होत्या. असे होऊ शकते.

सायमीबाईंचा दूरध्वनी क्रमांक भिंतीवर चिकटवलेला होता. त्या वृद्धाश्रमात राहत होत्या आणि त्यांची बुद्धी शाबूत होती. परंतु एखाद्याला त्याची चूक दाखवण्यासाठी दूरध्वनी करणे हे आमच्याकडे सभ्यपणाचे समजत नाहीत. ओस्मोने तो केला नाही. त्याने तक्त्यात छत्तीसच्या समोर लिहिले: काढून टाकणे.

फेब्रुवारीच्या अखेरीस रूपांतर झाले. शेवटी यंत्राने एक कागद छापला. त्यावर लिहिले होते की नोंदी पंधरा हजार दोनशे बारा, बदललेली अक्षरे एकोणपन्नास हजार चार, काढलेली चिन्हे तीनशे एक्केचाळीस. ओस्मोने तो कागद टाचणीने भिंतीवर लावला. मृतांची माहिती दोन ठिकाणी राहू नये असा नियम असल्यामुळे त्याने जुन्या यंत्राच्या माहितीच्या चकत्या आणि फिती स्वतः पुसल्या, तशी सही केली, आणि यंत्र भंगारात गेले.

एप्रिलमध्ये, बर्फ वितळू लागल्यावर, लाह्या सोर्मुनेन कचेरीत आल्या. त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या आणि त्यांनी आयुष्यभर गावच्या दुग्धशाळेत काम केले होते. त्यांनी चिखलाचे बूट दाराशी काढले, जाड मोज्यांनिशी आत आल्या आणि ओस्मोच्या मेजावर एक लाकडी खुंटी ठेवली. खुंटीला पिवळी पाटी होती. ज्या कबरीचा चाळीस वर्षांचा हक्क संपतो आणि नातेवाईक तो वाढवत नाहीत, ती कबर पुन्हा वापरण्यासाठी खोदली जाते. अशा कबरीवर या खुंट्या ठोकतात.

"ही मी उपटून आणली आहे," लाह्याबाई म्हणाल्या. "आता पोलिसांना बोलवायचं असेल तर बोलवा. मला घाई नाही, बस चार वाजता आहे."

"कोणत्या कबरीची आहे?" ओस्मोने विचारले.

"कुस्ता हिर्वेला. ओळ चौदा."

ओस्मोने नाव शोधले. नाव सर्व टिंबांसह अचूक आले, आणि त्याला बरे वाटले. "ते तुमचे कोण?"

"कोणी नाही. लाकडाच्या वखारीत होता. मी त्याला जिवंतपणी एकदाच पाहिला, तोही प्यायलेला."

"मग तुम्हाला हक्क वाढवता येणार नाही, सोर्मुनेनबाई. तो अधिकार नातेवाइकांचा आहे, आणि त्यांनी तो सोडला आहे."

"मला त्याचं काय करायचंय. त्याच्या पेटीत माझी मुलगी आहे."

ओस्मोला आपण नीट ऐकले नाही असे वाटले. बाई पुढे सांगत राहिल्या, आणि त्यांचा आवाज दुधाच्या डब्यांची मोजदाद सांगावी तसा सपाट होता. सन एकोणीसशे एकसष्टच्या मार्चमध्ये त्यांचे मूल जन्मताच मृत होते. त्या काळी अशा मुलांना वेगळी कबर देत नसत. रुग्णालय त्यांना दफनभूमीच्या माणसाकडे सोपवी, आणि तो त्या आठवड्यात जी पेटी मातीत जायची असेल तिच्यात, मृताच्या पायाशी, मुलाला ठेवी. पेटीतील माणसाच्या घरच्यांना सांगत नसत. आईलाही सांगत नसत.

"मग तुम्हाला कसे कळले?"

"सायमीनं सांगितलं. ह्याच खोलीत, सोळा वर्षांपूर्वी. यंत्रावर दाखवलं. हिर्वेलाच्या नावामागे खूण होती, छोट्या सूर्यासारखी. म्हणाली, ही तुझी. आता तुम्ही दाखवा, म्हणजे मी जाते."

ओस्मोने पडद्याकडे पाहिले. तेथे कुस्ता हिर्वेला हे नाव होते आणि त्याच्या पुढे स्वच्छ, कोरी जागा होती. ती जागा त्याने स्वतः स्वच्छ केली होती.

"येथे खूण नाही," तो म्हणाला.

"नीट बघा. चष्मा पुसा."

"खूण होती, सोर्मुनेनबाई. मी ती काढली."

लाह्याबाईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांना राग आला नव्हता; त्यांना समजलेच नव्हते. "काढली म्हणजे? कुठे ठेवली?"

ओस्मोची नजर भिंतीवरील कागदाकडे गेली. काढलेली चिन्हे तीनशे एक्केचाळीस. हाच आकडा तो दोन महिने रोज सकाळी कॉफी पिताना पाहत होता आणि समाधान पावत होता.

इन्केरीबाईंना बोलावण्यात आले. त्यांनी सर्व ऐकले; परंतु त्या व्यवस्थापक होत्या आणि त्यांना नियम सांगणे भाग होते. नोंदीत आधार असल्याशिवाय खुंटी मागे घेता येत नाही. चर्चच्या मंडळाची बैठक दोन आठवड्यांनी गुरुवारी आहे. मेच्या मध्याला जमीन मऊ झाली की खोदणे सुरू होईल.

"आधार तर ह्यांनी पुसला," लाह्याबाई म्हणाल्या.

"होय," ओस्मो म्हणाला.

"मग मी काय आणू? चाळीस वर्षांपूर्वी अंगावर आलेलं दूध आणू?"

हे बोलून त्यांनी बूट घातले आणि त्या बाहेर गेल्या. खुंटी मेजावरच राहिली. इन्केरीबाई म्हणाल्या, "ओस्मो, मीही हसले होते. मला ते आठवतंय." त्याने मान हलवली. त्याला त्यांचे हसणे आठवत नव्हते. त्याला फक्त आपल्या हाताने लिहिलेले ते दोन शब्द आठवत होते.

दुसऱ्याच दिवशी तो वृद्धाश्रमात गेला. सायमी रौतापा ब्याऐंशी वर्षांच्या होत्या. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे कॉफीचे भांडे व वेलचीचा गोड पाव होता. ओस्मोने टोपी हातात घेऊन, उभ्यानेच, सर्व निवेदन केले. काही लपवले नाही. छत्तीस क्रमांक, तक्ता, पुसलेल्या फिती, सही.

सायमीबाईंनी हातातील पावाचा तुकडा बशीत ठेवला.

"सगळ्या?" त्यांनी विचारले.

"सगळ्या."

"तुला काय वाटलं होतं ते? माझी बोटं घसरली?"

"होय."

"तीनशे एक्केचाळीस वेळा बोट घसरणारी बाई त्या कचेरीत अडतीस वर्षं टिकली असती का रे?"

ओस्मोने खाली पाहिले. सायमीबाईंनी त्याला बसायला सांगितले, कारण मान वर करून रागावणे त्यांना जमत नव्हते, असे त्या म्हणाल्या. मग त्यांनी सर्व सांगितले. तावेट्टी नावाचा माणूस सत्तावीस वर्षे दफनभूमीत कबरी खोदत असे. रुग्णालयातून मुलांचे पुठ्ठ्याचे खोके तोच आणी. त्याने आपल्या खिशातील दैनंदिनीत तारीख आणि पेटीतील माणसाचे नाव, एवढेच लिहून ठेवले होते. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर त्याला झोप यावी म्हणून. निवृत्त होताना त्याने त्या सत्तावीस दैनंदिन्या सायमीबाईंना दिल्या. बाईंनी वह्या यंत्रात उतरवताना त्याही उतरवायचे ठरवले. परंतु यंत्रात पाचच रकाने होते: नाव, जन्म, मृत्यू, ओळ, क्रमांक. शेऱ्याला जागा नव्हती. नाव नसलेल्याला यंत्र घेतच नव्हते.

"तेव्हा मी कळफलक पाहिला," त्या म्हणाल्या. "आणि कोणालाच नको असलेली एक कळ मला दिसली. म्हटलं, ही त्यांची."

"एका खुणेला एक मूल?"

"एकेक. कुठे दोन होती तिथे दोन खुणा. आणि हो, हिर्वेलाच्या पेटीत सोर्मुनेनची मुलगी आहे. मी शपथेवर सांगेन. पण माझ्या शपथेवर एक कबर वाचेल, बाकीच्यांचं काय करशील?"

"दैनंदिन्या कोठे आहेत?"

बाईंनी खिडकीबाहेर पाहिले. "जाळल्या. मीच. पाळकसाहेब म्हणाले, असले कागद इकडेतिकडे पडलेले चांगले नाहीत. आणि त्या वेळी सगळे सांगत होते की यंत्रात गेलं म्हणजे कायमचं राहिलं. मी एकेक दैनंदिनी सौनाच्या न्हाणीघरातल्या चुलीत घातली, आणि त्या संध्याकाळी मला फार हलकं वाटलं."

शेवटचा मार्गही बंद झाला होता. मग सायमीबाईंनी अकरा आयांची नावे सांगितली आणि ओस्मोने ती वहीत लिहिली. त्या बायका वेगवेगळ्या वर्षी, एकेकट्या, कचेरीत आल्या होत्या आणि त्यांनी आपल्या मुलाविषयी विचारले होते.

"आणखी होत्या," बाई म्हणाल्या, "पण त्यांनी मला कोणालाही सांगू नको म्हणून बजावलं होतं. त्यांची नावं मी देणार नाही." त्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. "ओस्मो, तू कधी कोणाला काही विचारतोस का रे?"

"मी उगाच कोणाला त्रास देत नाही, सायमीबाई."

"हो. तेच म्हणते मी."

ओस्मोने ठरवले की जे केले ते लपवायचे नाही. शनिवारी दुपारी तो स्वयंपाकघरातील मेजाशी बसला आणि गावच्या साप्ताहिकासाठी एक निवेदन लिहू लागला. त्याने तीन मसुदे फाडले. चौथ्यात त्याने सरळ लिहिले की दफनभूमीच्या नोंदींचे रूपांतर करताना मी, ओस्मो वाइनिक्का, तीनशे एक्केचाळीस मृत बालकांच्या खुणा निरर्थक समजून काढून टाकल्या आहेत. ज्या आयांना किंवा वडिलांना आपले मूल कोणाच्या पेटीत आहे हे ठाऊक असेल, त्यांनी कृपा करून मला सांगावे. सांगणाऱ्याचे नाव गुप्त राहील.

मग त्याने तो कागद आपल्या पत्नीपुढे ठेवला. तिचे नाव हेल्वी. ती सत्तावन्न वर्षांची होती, शाळेच्या भोजनगृहात काम करी, आणि त्याच्या प्रत्येक लिखाणातील चुका तीच पाहत असे. त्या दोघांना एक मुलगी होती आणि ती दूर किनाऱ्याकडील शहरात राहत असे.

हेल्वीने निवेदन दोनदा वाचले. मग ती उठली, तिने बटाट्यांचे भांडे चुलीवरून उतरवले, आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "हुल्डा निएमी. ओळ एकवीस, कोपऱ्याकडची. लिही."

ओस्मोने पेन उचलले. "ही कोण?"

"शिवणकाम करायची. म्हातारी होती. एकटी."

"आणि मूल कोणाचे?"

हेल्वी वळली. "ओस्मो, आपलं."

बाहेर शेजारी लाकडे फोडत होता आणि कुऱ्हाडीचा प्रत्येक घाव खोलीत ऐकू येत होता. एकोणीसशे सहासष्टचा नोव्हेंबर महिना त्याच्यापुढे उभा राहिला. रुग्णालयाचा लांब, हिरव्या भिंतींचा मार्ग. डॉक्टर त्याला दाराशीच म्हणाले होते की मुलगा होता, जिवंत नव्हता, पुढचे सर्व आम्ही पाहतो, तुम्ही घरी जा. आणि पत्नीपाशी हा विषय काढू नका, म्हणजे ती लवकर विसरेल. ओस्मोने ती आज्ञा मानली. छापखान्यात त्या दिवशी दुपारची पाळी होती आणि तो पाळीवर गेला. त्याने पस्तीस वर्षे विषय काढला नाही. हेल्वीही बोलली नाही, तेव्हा ती विसरली असे त्याने गृहीत धरले होते.

"तुला केव्हापासून ठाऊक आहे?"

"सायमीकडे मी पंच्याऐंशी साली गेले होते. तेव्हापासून जाते मी हुल्डाकडे. तिच्या दगडाशी दिवा लावते. तिचं कोणीच नाही, म्हणून कोणी विचारतही नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं नाहीस."

"मला डॉक्टरांनी सांगितले होते. तुझ्याशी बोलू नये म्हणून."

हेल्वी खुर्चीवर बसली. "मलाही तेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "म्हणाले, नवऱ्यासमोर रडू नका, तो खचून जाईल."

पस्तीस वर्षे ते दोघे एका मेजावर जेवले होते. ओस्मोने आपल्या पत्नीकडे पाहिले आणि त्याला वाटले की आपण या घरात आजच प्रथम आलो आहोत. नंतर दुसरा विचार त्याच्या मनात आला आणि त्याने तो शांतपणे, जवळजवळ अधिकृत आवाजात, बोलून दाखवला.

"त्याची खूण मी पुसली, हेल्वी."

"हो," ती म्हणाली. "मी वाचलं ना आत्ता. दोनदा वाचलं." काही वेळाने तिने बटाट्यांवरील झाकण उघडले. "निमूटपणे जेव. मग बाविसाव्या शब्दात टिंब राहिलंय, ते घाल."

निवेदन छापून आले. सोमवारपासून बायका येऊ लागल्या. काही काठी टेकत आल्या, काही शेजारच्या गावांतून बसने आल्या, काहींनी दूरध्वनी केला आणि पेटीतील माणसाचे नाव सांगून, आपले नाव न सांगता, तो ठेवून दिला. ओस्मोच्या रस्त्यावर राहणारी, रोज त्याच्याशी थंडीविषयी दोन शब्द बोलणारी एक बाई आली आणि म्हणाली, "आता तोंड उघडं टाकून बघू नका, लिहा." एक वृद्ध पुरुषही आला. त्याची पत्नी वारली होती. मूल कोणाच्या पेटीत आहे ते ठाऊक नाही, एवढेच सांगायला तो आला होता, आणि मग तासभर बसला. ज्यांना असे कधी कोणाकडे विचारताच आले नव्हते, त्यांची संख्या सर्वांत मोठी होती. त्यांच्या मुलांचा पत्ता केवळ त्या खुणांत होता.

गुरुवारी मंडळाची बैठक झाली. ओस्मोला आत बोलावण्यात आले तेव्हा त्याने कोट घातला होता. लाह्याबाई भिंतीशी खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. ओस्मोने आपले म्हणणे वाचून दाखवले. मंडळात लेम्पिनेन नावाचा एक शेतकरी होता, तो कमी बोलत असे. त्याने विचारले, "किती सापडली?"

"सव्वीस."

"तीनशे एक्केचाळीसपैकी?"

"होय."

"आणि ह्या वर्षीच्या पिवळ्या खुंट्या किती?"

"साठ," इन्केरीबाईंनी सांगितले.

"त्यातल्या कुठल्या कबरीत मूल नाही, हे तुला सांगता येईल?"

ओस्मोने यावर पुष्कळ विचार केला होता. "तावेट्टीने काम केले त्या सत्तावीस वर्षांत दोन हजार नऊशे कबरी आहेत. त्यांतील एकीविषयीही मला तसे सांगता येणार नाही."

"म्हणजे कुठेच फावडं मारता येत नाही," शेतकरी म्हणाला आणि मागे टेकला.

इन्केरीबाईंनी जागेची अडचण मांडली. नवी जमीन घ्यावी लागेल, वर्षे लागतील, असे त्या म्हणाल्या, आणि ते खरे होते. सायमीबाईंनी शपथेवर लिहून दिलेले निवेदन वाचण्यात आले. कोणीतरी सुचवले की सव्वीस कबरी वगळाव्यात आणि बाकीच्या खोदाव्यात. तेव्हा सर्वांनी त्याच्याकडे असे पाहिले की सुचवणाऱ्याने स्वतःच आपले शब्द मागे घेतले. अखेर ठराव झाला की त्या वर्षांतील कोणतीही कबर खोदू नये, कारण नोंदीतील माहिती कायमची नष्ट झाली आहे.

बाहेर लाह्याबाईंनी ओस्मोला गाठले.

"म्हणजे माझ्या सांगण्यानं नाही वाचली ती. तुमच्या चुकीनं वाचली."

"होय, सोर्मुनेनबाई."

"सायमीची खूण राहिली असती तर माझी राहिली असती आणि खूण नसलेल्या खोदल्या असत्या. आता सगळ्याच राहिल्या." त्यांनी यावर थोडा विचार केला. "म्हणून मी तुम्हाला धन्यवाद देणार नाही हं."

"देऊ नये," ओस्मो म्हणाला.

"ती खुंटी द्या मला परत. चुलीत घालते."

शुक्रवारी सकाळी ओस्मोने डेटाबेसमध्ये शेऱ्याचा नवा रकाना उघडला. दोन हजार नऊशे ओळींत त्याला एकच मजकूर घालायचा होता: या पेटीत नोंद नसलेले मूल असू शकते, त्याची खूण फेब्रुवारी २००१ मध्ये ओ. वाइनिक्का यांनी काढली. इन्केरीबाई म्हणाल्या की नाव घालण्याची आवश्यकता नाही. ओस्मो म्हणाला की नोंद पूर्ण असावी. त्याने आज्ञा दिली, आणि यंत्राने ते काम चार सेकंदांत केले. त्याला पुन्हा धक्का बसला, कारण त्या खुणाही बहुधा इतक्याच वेळात गेल्या असतील, आणि त्या वेळी तो खुर्चीत बसून कॉफी ढवळत असेल.

सव्वीस ओळी मात्र त्याने हाताने भरल्या. लाह्याबाईंनी मुलीचे नाव ठेवले होते, वेलामो. ते त्यांनी चाळीस वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. दूरध्वनीवर त्यांनी ते दोनदा उच्चारले, आणि चुकीचे लिहिले तर पुन्हा येईन अशी ताकीद दिली. दुपारी दोनच्या सुमारास पंचवीस ओळी पूर्ण झाल्या. शेवटची हुल्डा निएमीची राहिली.

मग ओस्मोने शाळेच्या भोजनगृहाचा क्रमांक फिरवला आणि हेल्वीला बोलावून घ्यायला सांगितले. ताटांचा आवाज ऐकू येत होता.

"काय झालं?" हेल्वीने विचारले. कामाच्या वेळी त्याने तिला आजवर कधी दूरध्वनी केला नव्हता.

"हेल्वी, मला तुला विचारायचे आहे. तू त्याचे नाव ठेवले होतेस का?"

ताटांचा आवाज चालू राहिला.

"ठेवलं होतं," ती म्हणाली. "पण ते इथून, सुपाच्या पातेल्यापाशी उभं राहून नाही सांगणार. घरी ये."

"संध्याकाळी?"

"आत्ता. मी निघते आहे."

ओस्मोने ती ओळ तशीच उघडी ठेवली, कोट घेतला, आणि इन्केरीबाईंना आपण आज लवकर जात आहोत असे सांगितले. का, असे त्यांनी विचारले नाही. तेव्हा दारात थांबून त्याने ते स्वतःहूनच सांगितले.